३८ वर्षांनी परत यायचं म्हटलं, तर इस्लाममध्ये तौबा होते का?

लष्करवाली
आमच्या घरामागच्या गल्लीत एक मास्टरजी राहतात. ग्वाल्हेरला शिंप्याला मास्टरच म्हणतात. माझ्या शाळेच्या स्कर्टपासून लेकीच्या लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. १९८६ साली त्यांची सात वर्षांची मुलगी काविळीने गेली. तिला दफन करून आले आणि दारात जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आज से मैं नहीं मानता." नुसतं रागाच्या भरात बोलले असं नाही. पुढच्या जुम्म्याला मशिदीत जाऊन 'मेरा नाम काट दीजिए' सांगून आले. रोजे सुटले, नमाज सुटली, ईदच्या दिवशीही त्यांची मशीन चालू असायची. मोहल्ल्याने बोलणं टाकलं. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मात्र घर सोडलं नाही आणि नमाजही सोडली नाही.

आता ते ७८ वर्षांचे आहेत. परवा मी ब्लाउजचे हूक लावून घ्यायला गेले, तर त्यांना सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला. सुई हातात धरून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ताई, आप तो पढ़ी-लिखी हैं। जो छोड़ के चला गया हो, उसकी तौबा होती है क्या?" मौलवींना विचारा म्हटलं, तर म्हणाले, "उनसे शर्म आती है."

मी ब्राह्मणाघरची, बँकेत ३२ वर्षं काढलेली बाई. मला यातलं काही ठाऊक नाही आणि चुकीचं सांगून त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. कृपा करून भांडण नको, म्हातारा माणूस उत्तराची वाट बघतोय.

पारिजात
वाचतेय. पोटात कालवलं.

उंबरठा
लष्करवालीताई, मी रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, पण वडिलांनी बसवून शिकवलं आहे, तेवढ्यावर सांगते.

मास्टरजींना पहिल्यांदा हे सांगा, की होते. कुराणात ३९व्या सूरेत (अध्यायात), 'जुमर'मध्ये, ५३वी आयत (वचन) आहे. ज्यांनी आपल्या जिवावर अतिरेक केला त्या माझ्या बंद्यांनो, अल्लाहच्या दयेची आशा सोडू नका, तो सगळे गुन्हे माफ करतो, अशा अर्थाची. ईमान (श्रद्धा) आणल्यावर पुन्हा नाकारणाऱ्यांबद्दल तिसऱ्या सूरेत फार कडक शब्द आहेत. पण ८९व्या आयतीत लगेच 'त्यानंतर ज्यांनी तौबा केली आणि स्वतःला सुधारलं ते सोडून' असं म्हटलं आहे. म्हणजे सोडून गेलेल्यासाठीही दार ठेवलंय.

'तौबा' या शब्दाचा अर्थच परत फिरणे. त्याला मध्यस्थ लागत नाही. मौलवीसमोर कबुली द्यावी लागत नाही, उलट आपला गुन्हा झाकून ठेवा असंच शिकवलं जातं. त्यामुळे शरमेचं कारण नाही. कलमा, म्हणजे श्रद्धेचं वचन, मनापासून म्हणायचा, आंघोळ करायची, नमाजला उभं राहायचं.

तौबेच्या अटी तीन. केल्याचा पस्तावा, ते सोडून देणं आणि पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. चौथी अट आहे ती माणसांच्या बाबतीत, तिच्याबद्दल नंतर लिहिते. मूल शाळेतून आलं.

रोखठोक
ताईंची भावना समजली, पण एक स्पष्ट विचारतो आणि टाळू नये ही विनंती. धर्म सोडणाऱ्याला इस्लाममध्ये मृत्युदंड आहे ना? मग 'दार उघडं आहे' हे अर्धंच सांगणं झालं. सुदानमध्ये १९८५च्या जानेवारीत महमूद मुहम्मद ताहा या ७६ वर्षांच्या विचारवंताला याच आरोपावरून फाशी दिलं. इजिप्तमध्ये १९९५ साली नस्र अबू जैद या प्राध्यापकाला कोर्टाने धर्मभ्रष्ट ठरवून त्याचं लग्न रद्द केलं. नवराबायकोला देश सोडावा लागला.

गोरखी
रोखठोक, प्रश्न बरोबर आहे. पण ताईंचा प्रश्न तो नाही. पहिल्याच प्रतिसादात गाडी तिकडे वळवायची गरज होती का?

उंबरठा
गोरखीकाका, विचारू द्या. हा प्रश्न मला कॉलेजपासून विचारला गेलाय आणि मी टाळत नाही.

हो, जुन्या फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) चारही मजहबांत, म्हणजे पंथांत, कळत्या वयाच्या, शुद्धीवरच्या पुरुषाला ही शिक्षा सांगितली आहे. त्यांतल्या हनफी मतात बाईला मृत्युदंड नाही, कैद आहे. आधार कुराणाचा नव्हे, हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या म्हणून सांगितलेल्या वचनाचा. बुखारींच्या संग्रहात आहे ती. कुराण आखिरतची, म्हणजे मरणानंतरची, शिक्षा सांगतं, या जगातली सांगत नाही. आणि 'धर्मात जबरदस्ती नाही' ही दुसऱ्या सूरेतली २५६वी आयत आहेच. पैगंबरांच्या मागे ६३२-३३ मध्ये ज्या 'रिद्दा'च्या (धर्म सोडण्याच्या) लढाया झाल्या, त्या जकात (धर्माने ठरवलेलं दान) नाकारून बंड केलेल्या टोळ्यांशी होत्या. धर्म सोडणं आणि राज्याविरुद्ध उठणं त्या काळी एकच धरलं जायचं. सुफयान सौरींसारखे जुने आलिम म्हणत, की अशाला तौबेची संधी मरेपर्यंत देत राहायची. विसाव्या शतकात कैरोच्या अल अजहर या विद्यापीठाचे प्रमुख झालेले महमूद शलतूत यांनी एवढ्या हदीसवर अशी शिक्षा उभी राहते का, असा प्रश्न केला. सुदाननेही २०२० मध्ये ते कलम काढून टाकलं. ताहांना फाशी दिली ते माझ्या मते पाप होतं, आणि मी हे मुसलमान म्हणून लिहिते आहे.

आता दुसरी बाजू, जी सहसा कोणी सांगत नाही. अब्दुल्लाह इब्न साद नावाचे गृहस्थ पैगंबरांचे लेखनिक होते. धर्म सोडून मक्केला पळाले आणि विरुद्ध बोलत राहिले. ६३० साली मक्का जिंकली तेव्हा दूधभाऊ हजरत उस्मान यांनी त्यांना समोर आणून रदबदली केली. माफी मिळाली. पुढे हेच इजिप्तचे सुभेदार झाले. तुलैहा तर स्वतःला पैगंबर म्हणवून लढला, हरला, परत आला आणि कादिसियाच्या लढाईत मुसलमानांच्याच बाजूने लढला. मास्टरजींनी तर फक्त मशीन चालू ठेवली होती.

पारिजात
शेवटच्या वाक्याला रडू आलं.

बडोदेकर
आपल्याकडे नेताजी पालकर आठवले. १६६७ साली औरंगजेबाने त्यांना मुसलमान केलं, मुहम्मद कुली खान नाव दिलं, काबूलकडे पाठवलं. १६७६ मध्ये परत आले तेव्हा महाराजांनी त्यांना घरात घेतलं. बजाजी निंबाळकरही असेच परत आलेले, त्यांच्या मुलाला तर महाराजांनी आपली लेक सखुबाई दिली. त्या काळच्या ब्रह्मवृंदाला हे कितपत रुचलं असेल याची कल्पना करा. परत येणाऱ्याला देव लवकर घेतो, शेजारीपाजारीच वेळ लावतात. बडोद्याला आमच्या वाड्यातही एक परजातीत लग्न करून गेलेली आत्या होती. तिला २५ वर्षं हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतं. आजीच्या तेराव्याला ती अंगणात उभी राहिली होती, आत यायचं की नाही कळेना म्हणून. मी आठ वर्षांचा होतो, मीच तिचा हात धरून आत आणलं. कोणी काही बोललं नाही, बोलायची सगळ्यांनाच लाज वाटली असावी.

गोरखी
बडोदेकर, सुरेख लिहिलंत.

ग्वाल्हेरचा विषय निघाला आहे तर लिहितोच. हजीऱ्याला मुहम्मद गौस साहेबांचा मकबरा आहे, दगडी जाळ्यांचा. शेजारी तानसेनाची समाधी आणि ती चिंच. या गौस साहेबांवरच कुफ्रचा फतवा निघाला होता, हे किती ग्वाल्हेरकरांना ठाऊक आहे? शेरशहाच्या काळात ते गुजरातेत गेले. आपल्याला आध्यात्मिक मेराज (स्वर्गारोहण) घडली असं त्यांनी लिहिलं होतं. त्यावर अहमदाबादला शेख अली मुत्तकींनी त्यांना धर्माबाहेर ठरवून मृत्युदंडाचा फतवा दिला. सुलतानाने तो शाह वजीहुद्दीन अलवींकडे संमतीसाठी पाठवला. वजीहुद्दीन मोठे पंडित. फतव्यावर सही करण्याआधी ते माणसाला भेटायला गेले आणि त्याचे मुरीद (शिष्य) होऊन परतले. फतवा त्यांनी फाडून टाकला. गौस साहेब १५६३ साली गेले आणि आज आपल्या तानसेन समारोहाची सुरुवात त्यांच्याच आवारात होते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मग मिलाद. थंडीत शाल गुंडाळून मी ती ४० वर्षं ऐकतोय.

सांगायचं इतकंच, की कोणाला बाहेर काढण्याआधी त्याला एकदा भेटून यावं. मास्टरजींच्या मोहल्ल्यातून १९८६ साली कोणी भेटायला गेलं होतं का?

लष्करवाली
कोणीच नाही. मुलगी गेली होती हो, कोणी 'बस जरा' म्हणायलाही गेलं नाही. आमच्या घरातूनही नाही. आई म्हणाली होती, त्यांचं ते बघून घेतील. मी तेव्हा विशीत होते, मीही गेले नाही.

कृष्णाकाठ
मी इथे फारसं लिहीत नाही. जन्माने मुसलमान, सातारा जिल्हा. २२व्या वर्षी सोडलं आणि परत जायचा विचार नाही. हमीद दलवाईंना वाचून विचार करायला लागलो. त्यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कसलेही धार्मिक विधी न करता दहन झालं.

या धाग्यात एक गोष्ट खटकते. सगळे धरून चाललेत की सोडणं म्हणजे चूक आणि परतणं म्हणजे सुटका. माझ्यासाठी तसं नाही. माझी अम्मी रोज माझ्यासाठी दुआ मागते. मी तिच्यासाठी रमजानमध्ये पहाटे उठून सहेरीचा चहा करतो. आम्ही दोघं एकमेकांना फसवत नाही. मास्टरजींना परत जायचंय तर जरूर जावं, मनापासून जावं. पण मरणाच्या भीतीने चालले असतील तर त्यांना कोणीतरी हेही सांगा, की मुलीच्या दुःखात ते जे बोलले तो गुन्हा नव्हता.

उंबरठा
कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी तुमच्या अम्मीच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. पण शेवटचं वाक्य मलाही मान्य आहे. दुःखाने भान हरपलेल्याच्या तोंडून निघालेला शब्द आणि शांतपणे घेतलेला निर्णय यांत आमच्याकडेही फरक करतात. पैगंबरांचे साथी अम्मार इब्न यासिर यांच्या आईबापांना छळून मारलं, अम्मारनी जीव वाचवायला नकाराचे शब्द उच्चारले, तर १६व्या सूरेत १०६वी आयत आली. ज्याचं मन ईमानवर शांत आहे पण ज्याच्यावर बळजबरी झाली, त्याच्यावर दोष नाही. मास्टरजींचं प्रकरण वेगळं, पण मनात काय होतं ते पाहिलं जातं, एवढं यातून कळतं.

मरणाच्या भीतीबद्दल. चौथ्या सूरेत १८व्या आयतीत आहे, की प्राण कंठाशी आल्यावर 'आता तौबा' म्हणणाऱ्याची तौबा नाही. मास्टरजी तर सुई-दोरा घेऊन बसलेत. वेळ आहे.

जुना_पाटणकर
शिंप्याकडे वेळ असतोच. 'परसों ले जाना' म्हणतात आणि दिवाळी येते. 🙂

लष्करवाली
हाहा, आमचे मास्टरजी अगदी असेच! तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. हसले. पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिलं.

सगळं वाचून दाखवलं. उंबरठाताई, 'चौथी अट नंतर लिहिते' असं तुम्ही म्हणालात, तिथे त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "वो मुझे मालूम है। उसी से डरता हूँ।" मग बोललेच नाहीत. काय आहे ती अट?

उंबरठा
हुकूकुल इबाद, बंद्यांचे हक्क. अल्लाहचा जो गुन्हा केला तो अल्लाह माफ करेल. माणसाचा हक्क मारला असेल तर तो परत करावा लागतो किंवा त्या माणसाकडून माफी घ्यावी लागते. तोवर तौबा पुरी होत नाही. ताई, त्यांच्याकडे कोणाचं काहीतरी आहे.

लष्करवाली
आहे. आज चाचींनी सांगितलं.

१९८८ मध्ये मास्टरजींचे वडील वारले. ते आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. आई आधीच गेलेली. तीन खोल्यांचं घर आणि पुढची दुकानाची खोली. बहिणीने वाटा मागितला तर हे म्हणाले, "जब मज़हब ही छोड़ दिया, तो तुम्हारा कानून मुझ पर कैसा?" ती रडत भोपाळला गेली, ती परत आली नाही. दुकानाची खोली तेव्हापासून भाड्याने आहे.

वकीलीण_इंदूर
तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ते बोलले ते कायद्यानेही चूक होतं. वडील मुसलमान म्हणून वारले, तेव्हा त्यांच्या मृत्यूच्या क्षणीच वाटे ठरले. १९३७चा शरीयत कायदा घरादाराला लागू होतो. एक मुलगा, एक मुलगी, दुसरं कोणी वारस नाही, तर मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. घराचा एक तृतीयांश तिचाच होता. भावाने काय मानलं न मानलं, याचा तिच्या वाट्याशी संबंध नाही.

तसंच, कोणी सांगेल की त्यांचं लग्न मोडलं. जुन्या हनफी मतात धर्म सोडल्याने निकाह तुटतो. इंग्रजांच्या काळात नवऱ्याच्या जाचातून सुटायला दुसरा मार्ग नसल्याने कित्येक मुसलमान बायका धर्म सोडल्याचं जाहीर करत. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी या दुसऱ्या पंथाच्या मताचा आधार घेऊन बायकांना सुटकेच्या वाटा दाखवल्या, आणि १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्यात बाईने केवळ धर्म सोडला म्हणून लग्न आपोआप मोडत नाही असं ठरलं आणि तिला घटस्फोटाची कारणंही मिळाली. त्या बायकांचं दुःख मला अजून सलतं. सुटका हवी होती म्हणून त्यांना आपला देवच नाकारावा लागला.

उंबरठा
वकीलीणबाई, बरं केलंत. लग्नाचं असं, की मौलवी तजदीद-ए-निकाह करायला सांगतील, म्हणजे निकाह पुन्हा पढायचा. दोन साक्षीदार आणि नवा मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), बस. हनफी मतात कमीत कमी मेहर १० दिरहम, म्हणजे साधारण ३० ग्रॅम चांदी.

गोरखी
७८व्या वर्षी नवरदेव! ताई, ग्वाल्हेरचे आम्ही सगळे मराठी वऱ्हाडी समजा. चांदी मी देतो.

लष्करवाली
चाचींना सांगितलं. ओढणी तोंडावर ओढून इतक्या हसल्या की खोकला आला. पण चांदी मास्टरजी स्वतःच्या पैशातून घेणार म्हणतात.

परवा ते मापांची वही घेऊन माझ्याकडे आले. लांब, लाल कापडी बांधणीची. गिऱ्हाइकांची नावं उर्दूत लिहिलेली, आमची आडनावं त्या लिपीत बघून गंमत वाटली. माझ्या आईचं माप अजून त्यात आहे, छाती ३६, बाही ९. वहीच्या मागच्या पानांवर दुकानाच्या भाड्याचा हिशेब. एकही महिना गाळलेला नाही. बहिणीला एक पैसा दिला नाही आणि हिशेब मात्र इतकी वर्षं ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

"ताई, आप बैंकवाली हैं, जोड़ दीजिए." बसलो दोघं. पहिली १० वर्षं २०० रुपये, पुढची १० वर्षं ८००, मग १० वर्षं २०००, शेवटची सहा वर्षं ३५००. एकूण ६,१२,०००. तिचा तिसरा हिस्सा २,०४,०००. मी आकडा कागदावर लिहिला. त्यांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि त्या आकड्याभोवती गोल केला.

एवढे पैसे त्यांच्याकडे नाहीत. दुकानाची खोली बहिणीच्या नावाने करून द्यायची आणि जमेल तितके रोख द्यायचे असं म्हणतात. वकीलीणबाई, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केला आहे.

वकीलीण_इंदूर
पाहिला. बक्षीसपत्रापेक्षा वाटणीपत्र बरं, हक्क म्हणून गेलं पाहिजे. मसुदा मी करून देते, फी नको.

उंबरठा
मास्टरजींना काब इब्न मालिक यांची गोष्ट सांगा. ६३० साली तबूकच्या मोहिमेला सगळे गेले, हे आळसाने मागे राहिले. पैगंबर परतल्यावर इतरांनी सबबी सांगितल्या, यांनी खरं सांगितलं. शिक्षा म्हणून कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरलं. ५० दिवस. बाजारात जायचे, सलाम करायचे, उत्तर नाही. पन्नासाव्या पहाटे डोंगरावरून कोणीतरी ओरडलं, काब, खुशखबर! तौबा कबूल झाल्याची आयत आली होती. काब यांच्याकडे तेवढेच कपडे होते, ते त्यांनी निरोप आणणाऱ्याच्या अंगावर घातले आणि स्वतः उसने कपडे घालून मशिदीकडे निघाले. आत शिरताच तल्हा उठून धावत आले आणि त्यांचा हात हातात घेतला. काब म्हणत, मी तल्हांचं ते उठणं कधी विसरलो नाही.

बडोदेकर
माझ्या आत्याची आठवण झाली.

लष्करवाली
बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. आठवडाभर धावपळ होती.

बहीण भोपाळहून आली, मुलाला घेऊन. मी मुद्दाम गेले नव्हते, चाचींनीच बोलावलं. मास्टरजी उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. कागद आणि ४०,००० रुपये पुढे केले. बहिणीने चष्मा लावून कागद पूर्ण वाचला, मग नोटा मोजल्या. एकदा मोजून पुन्हा मोजल्या. म्हणाली, "पैसे मेरे थे, ले रही हूँ। माफ़ी का अभी मत पूछो." मास्टरजींनी मान हलवली. मग तिने भिंतीवरचा मुलीचा फोटो पाहिला, पदराने काच पुसली आणि चाचींना म्हणाली, चाय नहीं पिलाओगी? रात्री ती तिथेच राहिली.

शुक्रवारी गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ आपणहून आले. जुम्म्याला सोबत चला म्हणाले. इतकी वर्षं ते समोरून जाताना मान वळवायचे, मी स्वतः पाहिलंय. मास्टरजींनी पांढरी टोपी बाहेर काढली. जुनी होती, पण धुतलेली, इस्त्री केलेली. बहुतेक चाचीच ती दरवर्षी धुऊन ठेवत असणार.

आता दोनच शंका आहेत. ३८ वर्षांच्या नमाजा राहिल्यात, त्या सगळ्या भरून काढायच्या का? ते रात्री बोटं मोजत बसतात. आणि गुडघे वाकत नाहीत, खाली बसता येत नाही, त्याचं काय?

उंबरठा
आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्या मतात भरून काढाव्या लागल्या असत्या. पण ग्वाल्हेरकडचे बहुतेक हनफी असतात आणि हनफी मतात धर्म सोडलेल्या काळातल्या नमाजांची कजा, म्हणजे भरपाई, नाही. तिथल्या मौलवींना एकदा विचारून घ्या, पण रात्री बोटं मोजू नका म्हणावं.

गुडघ्यांचं सोपं आहे. उभं राहता आलं तर उभं राहून, नाहीतर बसून, तेही जमलं नाही तर कुशीवर पडून, असं हदीसमध्ये स्पष्ट आहे. खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा (माथा टेकणं) करायचा, रुकूपेक्षा (कमरेत वाकण्यापेक्षा) थोडं जास्त वाकून. खुर्ची हातांची नको, बिनहाताची द्या, त्यांना बरं पडेल.

लष्करवाली
त्यांच्या मशीनसमोरचं स्टूल बिनहाताचंच आहे. ते चालेल ना?

उंबरठा
चालेल ताई. छान चालेल.